मरवा पावसाळ्यात माना का टाकतो, आणि मरव्याचे बाकीचे प्रश्न

नमस्कार मंडळी, या वेळी सोयाबीन-कांदा बाजूला ठेवून मरव्यावर बोलू, कारण एकापाठोपाठ त्याचेच मेसेज आलेत आणि प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एकदाच लिहून टाकतो.

पहिला प्रश्न चिपळूणच्या ताईंचा. त्यांचा कुंडीतला मरवा मे महिन्यापर्यंत एकदम मस्त होता, जुलैत त्याने माना टाकल्या, खालची पानं पिवळी पडली, ताई म्हणतात की सुकतोय म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेय तरी उठत नाही.

ताई, तो पाण्यावाचून नाही, पाण्यामुळेच बसलाय. मरवा मूळचा सायप्रस-तुर्कस्तानकडचा, तिकडे उन्हाळे कोरडे आणि जमीन मुरमाड, त्यामुळे त्याच्या मुळांना ओलीत उभं राहायची सवयच नाही. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग वरचं झाड तहानल्यासारखं दिसतं आणि आपण बिचारं सुकलं म्हणून अजून एक तांब्या ओततो! एकदा कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढून बघा, मुळं पांढरी आणि टणक असतील तर ठीक, पण तपकिरी होऊन चिमटीत धरल्यावर साल निसटून हातात येत असेल तर ते झाड वाचवायच्या नादाला लागू नका. त्यापेक्षा शेंड्याकडचे जे हिरवे टवटवीत फाटे राहिलेत ते आजच कापून घ्या, चार बोटं लांबीचे, खालची पानं काढून टाका आणि ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, खोचा, सावलीत ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. जुनी माती मात्र टाकून द्या, तीच परत वापरली तर नवीन रोपालाही तोच रोग.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. क्वार्टरच्या गॅलरीत माझ्याच 6 कुंड्या एका जुलैत गेल्या, कारण काय तर फरशी खराब होऊ नये म्हणून कुंड्यांखाली बशा ठेवल्या होत्या आणि त्या बशांत पाणी साचून राहिलं होतं. लोकांना निचरा शिकवणारा माणूस मी, घरात महिनाभर ते ऐकून घेतलं.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने मरवा पत्र्याखाली नाहीतर खिडकीच्या आत, पण उजेडात ठेवायचा. मातीचं मिश्रण असं करा, दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू, वाळू मिळत नसेल तर विटांचा चुरा चालतो. पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसायचं, पहिलं पेर कोरडं लागलं तरच घालायचं. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच, विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी हिरवी नेट टाका. खताचा मारा करू नका, युरिया दिला तर पानं मोठी होतात पण वास पातळ होतो, आणि वास नसलेला मरवा काय कामाचा?

नाशिकच्या दादांनी फोटो पाठवलाय आणि विचारलंय की नर्सरीवाल्याने मरवा म्हणून दिलेल्या झाडाला ओव्याचा वास येतो, पानं जाड आणि कातरलेल्या कडांची आहेत. दादा, तो पानओवा आहे, त्याची भजी करा. मरव्याचं पान लहान, लंबगोल, कडा साध्या, हात फिरवला तर मखमली लव लागते, रंग राखाडीकडे झुकणारा, समोरासमोर दोन-दोन पानं आणि कोवळी दांडी बोटात फिरवली तर चौकोनी लागते. दवण्याशीही गल्लत होते, पण दवण्याचं पान बारीक चिरलेलं असतं आणि तो वर्षभराचाच गडी, मरवा नीट ठेवला तर दोन-तीन वर्षं चालतो, पुढे खोड लाकडासारखं होतं तेव्हा फाट्यांपासून नवीन करून घ्यायचा.

सासवडकडच्या एका शेतकरी बंधूंना 10 गुंठे मरवा लावायचाय, गजरेवाल्यांना द्यायला. स्पष्टच सांगतो, आधी 1 गुंठा लावा. 45 बाय 30 सेंटीमीटरवर लावला तर गुंठ्याला साधारण 750 रोपं बसतात आणि एकदा कापणीला आला की एवढा पाला रोज कोण घेणार हे फूलबाजारात जाऊन, गजरे-वेण्या करणाऱ्या बायकांशी बोलून मगच ठरवा, कारण कापलेला मरवा थांबत नाही. काळ्या भारी जमिनीत तर गादीवाफ्याशिवाय, म्हणजे माती उंच करून केलेल्या वाफ्याशिवाय, लावूच नका. रोपं ऑक्टोबरात तयार करा. बी खसखशीहून बारीक असतं, ते खोल गाडलं तर उगवत नाही, ट्रेमध्ये नुसतं वर भुरभुरवून हलकं दाबायचं आणि फवाऱ्याने पाणी द्यायचं, आठ ते पंधरा दिवसांत उगवतं. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. हा पाला बायकांच्या केसात आणि लोकांच्या ताटात जाणार आहे, त्यामुळे कपाशीवर मारून उरलेलं औषध पंपात आहे म्हणून यावर मारू नका, प्लीज.

आता वापराचं. शेंड्याला हिरव्या गाठींसारख्या कळ्या धरल्या की त्या फुलायच्या आधी कापायचं, वास तेव्हाच सगळ्यात जास्त, आणि खाली चार बोटं खोड राखायचं म्हणजे परत फुटतो. मोगरा-अबोलीत मरव्याची काडी ओवायची हे तुम्हाला मी काय सांगणार, पण हाच मरवा जर्मनीत बटाट्याच्या सूपमध्ये आणि सॉसेजमध्ये घालतात हे ऐकून आमच्या ऑफिसातले सगळे हसले होते. आपल्याकडे ऑम्लेटमध्ये, टोमॅटोच्या सूपमध्ये, उकडलेल्या बटाट्यावर घालून बघा, गॅस बंद करायच्या जरा आधी, फार शिजला तर वास उडतो. ओरेगॅनो याचा चुलतभाऊ पण तो तिखट, मरवा गोडसर. सुकवायचा तर जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगा, उन्हात नको, पान चुरचुरलं की घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि वापरताना ताज्याच्या तिसरा हिस्साच घ्या. गरोदर बायकांनी जेवणातला चिमूटभर खायला हरकत नाही, त्याचं तेल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि चिपळूणच्या ताई, नवीन फाट्यांचा फोटो टाकाल तेव्हा कुंडीच्या बुडाचाही टाका.