वाचकांचे प्रश्न : कारागृहातला साक्षरता वर्ग

प्रश्न : आम्हा काही निवृत्त शिक्षकांना हिंडलगा मध्यवर्ती कारागृहात प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायचं आहे. बंदी मराठी बोलणारे, कागद मात्र कानडीत. कुठली लिपी आधी घ्यावी? पहिलीचं पुस्तक चालेल का? (खानापूर)

उत्तर : आधी मराठीच. अक्षर आणि उच्चाराची सांगड बोलीभाषेत लवकर बसते आणि ती बसली की दुसरी लिपी पुष्कळ सोपी जाते. कानडी सोबतच ठेवा, पण ओळखण्यापुरती : स्वतःचं नाव, गाव, ‘न्यायालय’, बसच्या पाट्या, कानडी आकडे.

पहिलीचं पुस्तक नको. नातवंडं असलेल्या माणसापुढे अननसाचं चित्र ठेवलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. ग, म, भ, न पासून सुरू करा. मग, मन, नग, नभ हे शब्द पहिल्याच तासाला वाचता येतात. पुढे र आला की नगर, काना आला की मामा, नाना. म-भ आणि घ-ध यांत घोटाळा ठरलेलाच. त्याला एकच खूण द्या : भ आणि ध यांचा माथा उघडा, म आणि घ यांचा बंद. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिले काही महिने लाल करू नका.

‘डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्याचे डोळे आधी बघा. छापील मजकूर तो हात लांब करून धरत असेल, तर ती चाळिशी आहे. चाळिशीत साधारण +१, पन्नाशीत +२ चा चष्मा लागतो. कारागृहाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि तोवर फळ्यावर, पाटीवर मोठं लिहा. वर्ग सोडण्याचं हे कारण शिक्षकांच्या फार उशिरा लक्षात येतं, आणि तोवर माणूस स्वतःला मठ्ठ समजून बसलेला असतो.

कोर्टाची तारीख, बदली, जामीन यांमुळे हजेरी तुटतेच. म्हणून चाळीस मिनिटांचा प्रत्येक धडा स्वतंत्र हवा : दहा मिनिटं उजळणी, पंधरा मिनिटं नवीन दोन-तीन अक्षरं, पंधरा मिनिटं लिहिणं. कुठवर आलं ते वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा. वह्या दोऱ्याने शिवलेल्या घ्या; स्पायरलची तार, पिना, कर्कटक, ब्लेड नको. पेन्सिली बाहेरच टोक करून मोजून न्या, मोजून परत आणा. साहित्याच्या यादीला अधीक्षकांची मंजुरी आधी घ्या.

प्रश्न : गणितात काय घ्यावं? (निपाणी)

उत्तर : कच्च्या कैद्यांना अपूर्णांक शिकवायला भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. यापूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, की जामिनाचा विचार होतो, इतरांसाठी निम्मा. कमाल तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने; तृतीयांश १२, निम्मे १८. देहदंड किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असली तरी अडतं, हे त्याच तासाला सांगा. खोटी आशा लावू नका.

उदाहरणं काल्पनिक कागदावर सोडवा. कुणालाही ‘काय केलंस?’ असं विचारू नका. स्वतःचा हिशेब ज्याला करायचा आहे, तो आपणहून करील. तो वकिलाकडून तपासून घ्यायला सांगा. कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मागता येतो. त्या अर्जाचा सराव घ्या : प्रति, विषय, प्रकरण क्रमांक, दिनांक, सही. प्रकरण क्रमांक उतरवताना एक आकडा गळतो, म्हणून तो दोनदा मोठ्याने वाचून घ्या.