एमएस्सीनंतर गोव्यात राहून नैसर्गिक संयुगांवर, औषधशोधात करिअर होतं का? की फार्मा कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासणी) लागावं?

होतं. एवढं लिहून थांबणार होते, पण तुम्ही खाली लिहिलंय की घरचे म्हणतात, "हल्ली औषधं कॉम्प्युटरवर शोधतात, झाडपाला उकळून काय मिळणार?" मग राहवेना.

हेच मला आमच्या भावोजींनी ऐकवलंय, चतुर्थीला, भर पंगतीत. ते वेर्ण्याला औषधकंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मी पीएचडीच्या मध्यावर. म्हणाले, "काढे करायला एमएस्सी कशाला गं? आजीसुद्धा करायची." सगळे हसले. मी खतखतं बाजूला सारून विचारलं, "भावोजी, इरिनोटेकॅन कशापासून बनतं?" आतड्याच्या कर्करोगावर देतात हे त्यांना ठाऊक होतं. पुढचं नाही.

बनतं कॅम्प्टोथेसिनपासून. 1966 मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. हे मनसुख वाणी जन्माने नंदुरबारचे. टॅक्सॉल हे दुसरं कर्करोगाचं औषधही याच जोडीचं, 1971 चं, तेही एका झाडाच्या सालीतून. मग 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडलं. नरक्या, ज्याच्या फुलांच्या वासाने नाक धरावं लागतं! त्याचा अर्क टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पातळ लेपाची पट्टी) चढवून अतिनील दिव्याखाली धरा, लख्ख निळा ठिपका दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी लॅबभर सगळ्यांना बोलावून दाखवला होता.

भावोजी हटणारे नाहीत. "मग तीस वर्षं काय झोपला होता?" इरिनोटेकॅनला 1996 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली हे मीच सांगून बसले होते. झोपलं कुणी नव्हतं. मूळ संयुग पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. त्यात औषधाचं लॅक्टोन वलय (रेणूतलं ज्यावर गुण अवलंबून आहे ते कडं) उघडतं, गुण कमी आणि मूत्राशयातून रक्तस्राव. चाचण्या थांबल्या. ते टोपोआयसोमरेज-1 या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतं हे 1985 मध्ये कळलं, तेव्हा जीव आला. विरघळणारं रूप, म्हणजे इरिनोटेकॅन, जपानमधल्या याकुल्टने केलं. हो, तेच आंबट दुधाच्या बाटल्यांवाले. "म्हणजे शेवटी सिंथेसिसच कामाला आलं," भावोजी. आलंच. पण सुधारायला आधी रेणू हवा ना? तो कॉम्प्युटरपुढे बसून कुणी काढला नव्हता.

आता तुमचं. आपल्याकडचे कारखाने बहुतेक गोळ्या-इंजेक्शनं बनवणारे आहेत. तिथे क्यूसीत एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवाल, नवा रेणू शोधणार नाही. संशोधन करायचं तर गोवा विद्यापीठ, दोना पावलाची एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (तिथे स्पंज, शेवाळ असा समुद्री माल), झुआरीनगरचं बिट्स. नेट-जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप देणारी परीक्षा) काढा, त्याशिवाय गाईडच्या दारात ताटकळाल. एनएमआर (रेणूची रचना सांगणारा आलेख) स्वतः वाचायला शिका. अर्कातले घटक वेगळे करायचा सिलिकाचा कॉलम कोणीही लावतं. त्यातून निघालेल्या फ्रॅक्शनमध्ये (भागात) पांढऱ्या सुया दिसल्या म्हणून पेढे वाटू नका, बहुधा झाडांत सर्रास सापडणारं बीटा-सिटोस्टेरॉल असतं, नाहीतर ल्युपिऑल. आधी एलसीएमएसवर (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान सांगणारं यंत्र) ओळखीचं काय आहे ते बघून घ्या, मग सिलिका भरा. स्वतःच्या हातचं औषध निवृत्तीआधी बाजारात बघायचंय, या हट्टाने मात्र येऊ नका.

फेलोशिप उशिरा येते, कधी कधी फारच उशिरा. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालणार असेल तर आधी क्यूसी धरा आणि नंतर या, एचपीएलसीचा हात इथेही कामी येतो. हे भावोजींचंही म्हणणं आहे, पण ते वेगळ्या कारणाने.

आणि नरक्यावरच काम करायचं ठरवलंत तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. चोरट्या तोडीने तो आधीच विरळ झालाय. डोंगरात दिसला म्हणून कोयता घेऊन जाऊ नका. पान-फांदीपुरतं मागा, खोड मागू नका.