वाचक विचारतात : वल्ही, खापऱ्या आणि इराणचा बादशहा

ग्रीक-इराणी युद्धांबद्दल वडोदऱ्याच्या वाचकांकडून आलेल्या चार प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

सालामिसला ग्रीकांची जहाजं इराण्यांपेक्षा कमी होती, तरी ते जिंकले कसे? आणि सिनेमात दिसतात तसे साखळदंडातले गुलाम खरंच वल्ही मारत होते का?
— एक वाचक, दांडिया बाजार

आधी गुलामांचं. अथेन्सजवळच्या सालामिस बेटापाशी झालेल्या आरमारी लढाईत (इ.स.पू. ४८०) अथेन्सच्या जहाजांवर वल्ही मारत होते ते मुख्यतः अथेन्सचेच नागरिक. ढाल-चिलखत विकत घेण्याची ऐपत नसलेले, हातावर पोट असलेले लोक. साखळदंड फार नंतरच्या काळातले. हे आम्ही ठासून सांगतो, कारण पुढे अथेन्सच्या कारभारात गरिबांचा आवाज वाढला तो याच हातांच्या जोरावर.

ट्रायरीम हे तेव्हाचं लढाऊ जहाज सुमारे ३७ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद. त्यावर माणसं २०० आणि त्यांतले १७० वल्हेकरी : वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४, तळाला ५४. एका वल्ह्याला एकच माणूस. प्रत्येकाकडे तीन वस्तू असत : वल्हं, बसायची गादी आणि वल्हं खुंटीला अडकवायची कातडी वादी. गादी काही ऐषारामासाठी नव्हती. तासन्‌तास फळीवर घासत वल्हवलं की कातडी सोलवटून निघते. तळाच्या वल्ह्यांची भोकं पाण्यापासून जेमतेम अर्धा मीटर वर, म्हणून त्यांवर कातड्याची बाही चढवलेली. इतका लांब, हलका सांगाडा लाटांवर मधोमध वाकू नये म्हणून बाजेची अदवान ताणावी तसा एक जाड दोर नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ताणून ठेवत.

अडचणी दोन. हलकं लाकूड पाणी पितं, त्याला किडा लागतो आणि जहाज जड होतं. म्हणून ते अधूनमधून किनाऱ्यावर ओढून वाळवावं लागे. दुसरी अडचण पाण्याची. ग्रीसमध्ये १९८७ साली ‘ऑलिंपियास’ नावाची हुबेहूब ट्रायरीम पाण्यात उतरवली. तिच्या चाचण्यांत दिसलं की उन्हात एका वल्हेकऱ्याला तासाला सुमारे एक लिटर पाणी लागतं. म्हणजे तासाला १७० लिटर! स्वयंपाकाला आणि आडवं व्हायला जागाच नाही. त्यामुळे जेवायला आणि झोपायला रोज किनारा गाठणं भाग असे.

आता लढाईच्या आदल्या रात्रीकडे बघा. ग्रीक पळून जातील असा निरोप अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याने मुद्दाम इराणी गोटात पोचवला. खाडीची तोंडं अडवायला इराणी आरमार रात्रभर वल्ह्यांवर राहिलं. ग्रीक वल्हेकरी मात्र किनाऱ्यावरून ताजेतवाने निघाले. सकाळी अरुंद पाण्यात इराणी जहाजांची जास्त संख्याच त्यांच्या मुळावर आली : पुढची मागे वळताहेत, मागची राजाच्या डोळ्यांसमोर पराक्रम दाखवायला पुढे रेटताहेत, वल्ह्यांत वल्ही अडकताहेत. आडवं झालेलं जहाज म्हणजे नाळेवरच्या काशाच्या सोंडेला आयतं भक्ष्य. धडक मारली की लगेच उलटी वल्ही मारून सोंड बाहेर काढावी लागते. ती रुतून बसली तर शत्रूचे सैनिक उड्या मारून तुमच्याच जहाजावर येतात.

आकड्यांबद्दल : ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ग्रीक जहाजं पावणेचारशेच्या आसपास देतो, नाटककार एस्किलस ३१०. इराणी १२०७ हा आकडा आम्हाला फुगवलेला वाटतो.

मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन प्राण सोडणारा दूत खरा की दंतकथा?
— एक धावपटू, मांजलपूर

हिरोडोटसमध्ये ती धाव नाही. ती कितीतरी शतकांनंतरच्या लेखकांत येते. हिरोडोटसचा दूत मॅरेथॉनच्या लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावतो : सुमारे २४० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी हजर. जवळजवळ वडोदऱ्याहून सुरतेला जाऊन परत यावं इतकं अंतर. आमच्या मते खरा मान या धावेला मिळायला हवा.

इराणचा बादशहा झर्क्सीस याच्या फौजेत हिंदुस्थानी सैनिक होते म्हणतात. ते आपल्या गुजरातचे का?
— एक विद्यार्थिनी, रावपुरा

सैनिक होते. हिरोडोटस त्यांचे कपडे ‘झाडाच्या लोकरीचे’ म्हणजे सुती सांगतो. धनुष्यं वेताची, बाणही वेताचे, टोकाला लोखंड. इ.स.पू. ४७९ साली प्लातायाच्या लढाईसाठी मागे ठेवलेल्या निवडक फौजेतही ते होते. पण इराणी शिलालेखांतला ‘हिंदुश’ प्रांत सिंधूकाठचा, त्यामुळे त्यांचा गुजरातशी संबंध जोडू नये.

अथेन्सचे लोक खापरीवर नाव लिहून पुढाऱ्याला हद्दपार करत. आपलं ‘खापर फोडणं’ त्यातूनच आलं का?
— एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

संबंध नाही. अथेन्सने खापरी निवडण्याचं कारण साधं : फुटक्या मडक्याला मोल नसतं आणि तुकडे घरोघर सापडतात.

रीत अशी. दरवर्षी सभेला एकदाच विचारत, ‘यंदा हद्दपारी घ्यायची का?’ कोणाचंही नाव न घेता. होकार आला तर साधारण दोन महिन्यांनी मतदान. चौकाला फळ्यांचं कुंपण, दहा कुळांना दहा दारं. खापरीवर नाव कोरायचं आणि लिहिलेली बाजू खाली धरून आत द्यायची. नंतरचा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की एकूण ६००० खापऱ्या भरल्या नाहीत तर सगळं रद्द. भरल्या तर सर्वाधिक नावाच्या माणसाने दहा दिवसांत शहर सोडायचं, दहा वर्षांसाठी. घरदार, जमीन, नागरिकत्व शाबूत. आरोप नाही, खटला नाही, बचावाचं भाषण नाही.

लबाडीही होती. अथेन्सच्या टेकडीवरच्या किल्ल्याच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या आणि त्यांवरचं हस्ताक्षर अवघ्या १४ जणांचं! बऱ्याचशा एकाच घाटाच्या, पेल्यांच्या बुडांच्या. विरोधकांनी आयत्या कोरून ठेवलेला माल तो, वाटायचा राहून गेला.

थेमिस्टोक्लीस म्हणजे तोच, ज्याने अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतली चांदी माणशी दहा द्राख्मा (चांदीची नाणी) वाटून खायच्या ऐवजी जहाजांत घालायला लावली. त्याचा विरोधक अ‍ॅरिस्टायडीस इ.स.पू. ४८२ मध्ये असाच हद्दपार झाला होता. इराणी चाल करून आले तेव्हा त्याला परत बोलावलं आणि सालामिसला दोघं एका बाजूने लढले. इ.स.पू. ४७१ च्या सुमारास खापऱ्या थेमिस्टोक्लीसवरच उलटल्या. हद्दपारीत असताना त्याच्यावर इराणशी संधान बांधल्याचा आरोप आला. जीव वाचवायला तो खरोखरच झर्क्सीसच्या मुलाच्या, अर्तझर्क्सीसच्या आश्रयाला गेला. बादशहाने त्याला तीन गावं तोडून दिली : मॅग्नेशिया भाकरीसाठी, लॅम्पसाकस मद्यासाठी आणि मायुस तोंडी लावण्यासाठी.