असिस्टंट जुनाच कोड देतो, तेव्हा त्याला नेमकं पान द्या

पत्र: "मी साताऱ्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रोजेक्टसाठी फास्टएपीआय (पायथनमध्ये वेब सर्व्हर बनवायचं साधन) वापरतेय आणि बराच कोड एआय असिस्टंटकडून लिहून घेतलाय. मोबाईल नंबर ऐच्छिक ठेवलाय, तरी तो न पाठवता रिक्वेस्ट केली की 422 एरर येतो. असिस्टंट दर वेळी 'आता दुरुस्त केलं' म्हणतो, पण एरर काही जात नाही. मैत्रीण म्हणते डॉक्युमेंटेशन वाच, पण ती इंग्रजी पानं बघूनच डोकं गरगरतं. बाबा एआय कोडिंगच्या क्लासचे 25 हजार भरायला तयार आहेत. क्लास लावू का? आणि कोड असिस्टंटच लिहिणार असेल, तर मला नोकरी कशाची मिळणार?"

उत्तर: आधी तुझा एरर बघू, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतात.

422 याचा अर्थ रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली, पण आलेली माहिती तू ठरवलेल्या साच्यात, म्हणजे मॉडेलमध्ये, बसली नाही. ही तपासणी फास्टएपीआय पायडँटिक या लायब्ररीकडून करून घेतं. पायडँटिकच्या पहिल्या व्हर्जनमध्ये फील्डला 'ऑप्शनल' लिहिलं की 'नन' (None, म्हणजे 'काही मूल्य नाही') हा डिफॉल्ट आपोआप लागायचा आणि फील्ड वगळता यायची. जून 2023 मध्ये दुसरं व्हर्जन आलं आणि 'ऑप्शनल'चा अर्थ 'इथे नन चालेल' एवढाच उरला. फील्ड पाठवणं सक्तीचं झालं. ती खरोखर ऐच्छिक हवी असेल तर पुढे '= नन' स्वतः लिहावं लागतं. तुझा कोड मी पाहिलेला नाही, पण तू केलेलं वर्णन या बदलाशी तंतोतंत जुळतं.

असिस्टंटला हे का सुचत नाही? तो ज्या कोडवर शिकला त्यात जुन्या व्हर्जनचा कोड भरपूर आहे. तुझ्या मशीनवर कोणतं व्हर्जन आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, मग तो सवयीचंच लिहितो. बदल तीन तऱ्हांनी अंगावर येतात. 'बेससेटिंग्ज' जुन्या जागेवरून इम्पोर्ट केलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि ते वेगळ्या पॅकेजमध्ये गेल्याचं सांगतो. 'डिक्ट' ही जुनी मेथड चालते, पण आता 'मॉडेल_डम्प' वापरा अशी वॉर्निंग देते, आणि पायथन अशा वॉर्निंग बऱ्याचदा दाखवतच नाही. तिसरी तऱ्हा तुझ्या 'ऑप्शनल'ची. प्रोग्रॅम सुरू होताना ना एरर, ना वॉर्निंग, फक्त अर्थ बदललेला. सगळ्यात जास्त वेळ हीच खाते.

आता असिस्टंटला योग्य माहिती कशी पुरवायची ते बघ. प्रोजेक्टची व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालू करून टर्मिनलमध्ये 'पायथन -एम पिप शो पायडँटिक' ही कमांड दे. नुसतं 'पिप शो' देऊ नकोस. लॅबच्या मशीनवर दोन-तीन पायथन असतात आणि 'पिप' भलत्याचंच व्हर्जन दाखवू शकतं. रिक्वायर्मेंट्स फाइलवरही (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीवर) विसंबू नकोस, तिथे अनेकदा लायब्ररीचं नुसतं नाव असतं, आकडा नसतो. आकडा मिळाला की त्याच व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन उघड. व्हर्जन निवडायचा ड्रॉपडाउन बहुतेक ठिकाणी पानाच्या वर किंवा कोपऱ्यात असतो. 'रीड द डॉक्स' या डॉक्युमेंटेशनच्या साइटवर 'लेटेस्ट' म्हणजे सहसा चालू विकासातला मजकूर आणि 'स्टेबल' म्हणजे शेवटची प्रसिद्ध आवृत्ती. इथे पुष्कळ जण फसतात.

सगळं डॉक्युमेंटेशन असिस्टंटसमोर ओतू नकोस. मजकूर जितका जास्त, तितकी कामाची ओळ त्यात हरवण्याची शक्यता जास्त. मोठं व्हर्जन बदललेलं असेल तर 'मायग्रेशन गाइड' (जुन्या व्हर्जनवरून नव्यावर कसं जायचं) हे पान आधी शोध. पायडँटिकच्या गाइडमध्ये ऐच्छिक फील्डवर स्वतंत्र भाग आहे, तेवढाच कॉपी कर. प्रोजेक्टमध्ये 'डॉक्स' फोल्डर करून तो मार्कडाउन फाइलमध्ये ठेव आणि वर व्हर्जन, पानाचा पत्ता आणि तारीख लिही. मग असिस्टंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये चार ओळी घाल: अमुक व्हर्जन वापरतो, या मेथड टाळायच्या, शंका आल्यास हे फोल्डर बघायचं, तिथे उत्तर नसेल तर तसं सांगायचं. बऱ्याच साधनांत ही फाइल 'एजंट्स.एमडी' नावाने चालते, काहींचं नाव वेगळं असतं. ती दहा-पंधरा ओळींपुढे वाढवू नकोस.

हे काम आपोआपही करता येतं. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', म्हणजे एमसीपी, जाहीर केला. त्याद्वारे असिस्टंट बाहेरच्या सेवेकडून माहिती मागवू शकतो. 'कॉन्टेक्स्ट7' हा डॉक्युमेंटेशन पुरवणारा असाच एक सर्व्हर आहे. तो आधी लायब्ररीच्या नावावरून तिची ओळख पक्की करतो, मग विषयानुसार मजकूर आणतो. चूक बहुधा पहिल्याच पायरीवर होते: मिळत्याजुळत्या नावाची दुसरी लायब्ररी निवडली जाते किंवा व्हर्जन भलतं येतं. म्हणून त्याने काय निवडलं ते दर वेळी बघ. प्रश्नही नेमका विचार. 'पायडँटिक समजाव' असं न म्हणता 'दुसऱ्या व्हर्जनमध्ये ऐच्छिक फील्डचा डिफॉल्ट कसा देतात' असं विचार. आणि बाहेरून आलेल्या मजकुरात असिस्टंटला भरकटवणाऱ्या सूचना दडलेल्या असू शकतात, तेव्हा तुझ्या परवानगीशिवाय कमांड चालवायची मुभा त्याला देऊ नकोस. एपीआय की किंवा पासवर्ड चॅटमध्ये टाकू नकोस.

इंग्रजी पानाची भीती मी समजू शकते, पण ते पान धड्यासारखं वरून खाली वाचायचं नसतंच. फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, डिफॉल्ट काय, कोणता एरर येऊ शकतो आणि 'या व्हर्जनपासून बदल' अशी टीप, एवढंच आधी शोध. समजलं नाही तर असिस्टंटला मराठीत समजावायला सांग, पण ज्या वाक्यावर तो विसंबला ते मूळ इंग्रजीत जसंच्या तसं मागून घे. मग कंट्रोल-एफ दाबून ते वाक्य पानावर आहे का ते बघ. नसेल तर उत्तर बाजूला ठेव. पॅकेजच्या नावांबाबतही हीच सावधगिरी हवी. असिस्टंट कधीकधी अस्तित्वात नसलेलं पॅकेज सुचवतो, आणि अशी नावं आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवणारे लोक आहेत. 'पिप इन्स्टॉल' करण्याआधी ते नाव पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या साइटवर) उघडून मूळ कोडचा दुवा आणि आधीच्या आवृत्त्या बघ.

शेवटी लहान टेस्ट लिही: मोबाईल नंबरासह एक रिक्वेस्ट, त्याशिवाय दुसरी. दोन्ही पास होईपर्यंत असिस्टंटचं 'दुरुस्त केलं' खरं मानायचं नाही.

नोकरीचं उत्तर यातच आहे. कोड टाइप करून देणारा असिस्टंट प्रत्येकाकडे असेल, पण कोणत्या व्हर्जनचं कोणतं पान त्याच्यासमोर ठेवायचं आणि आलेलं उत्तर कसं तपासायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. तू हे करू शकतेस, असं मला मनापासून वाटतं. मात्र ते दिसायला हवं. हाच प्रोजेक्ट पूर्णपणे नव्या पद्धतीवर आण आणि गिटहबवर सूचनांची फाइल, आकड्यांसह रिक्वायर्मेंट्स आणि टेस्ट ठेव. रीडमीमध्ये 'ऑप्शनल'चा घोळ आणि त्याचं कारण सहा-सात ओळींत लिही. मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारतील तेव्हा तुझ्याकडे स्वतः सोडवलेली अडचण असेल. पुढे एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जुनं उदाहरण सापडलं तर दुरुस्ती पाठव. लिहायची आवड निर्माण झाली तर टेक्निकल रायटिंगकडेही तिथूनच जाता येतं.

बाबांना सांग, पैसे आत्ता भरू नका. वर सांगितलेल्या कामाला रोज तास-दीड तास दिलास तर दोन आठवडे पुरतील, आणि हे सगळं डॉक्युमेंटेशन फुकट आहे. त्यानंतरही क्लास हवासा वाटला तर आधी त्यांचा अभ्यासक्रम माग आणि त्यात टेस्ट लिहिणं, व्हर्जन सांभाळणं आणि दुसऱ्याचा कोड तपासणं आहे का ते बघ. नुसते तयार प्रॉम्प्ट शिकवणार असतील तर त्यासाठी 25 हजार देऊ नका.