दत्तासारखंच ना?

प्रश्न : बाई, सलाम. मी मिरजेत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. परवा मेसमध्ये रूममेटने विचारलं, "तुमचा पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आमच्या दत्तासारखंच ना?" पाणी, बर्फ, वाफ ही एकाच वस्तूची तीन रूपं, तसाच एक देव, असं उदाहरण मी दिलं, तर ती म्हणाली, "मग तेच की!" दुसरीने मोबाइलवर योहान १४:२८ काढलं, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे', आणि म्हणाली, "येशू स्वतःच म्हणतोय की तो देव नाही." लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, जाऊन मला दोन वाक्यं धड बोलता येईनात. आता रात्री वादविवादाचे व्हिडिओ बघते. पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही अशी उत्तरं कुठे शिकायला मिळतील?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सलाम, बाळ. ते उदाहरण तुला माझ्यासारखीच कुणीतरी शिकवलं असणार. नगरला मी एकतीस वर्षं दृढीकरणाचा, म्हणजे मुलांना चर्चचे पूर्ण सभासद होण्यासाठी तयार करण्याचा, वर्ग घेतला. त्यातली पहिली अकरा वर्षं दर उन्हाळ्यात स्टोव्ह, पातेलं आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेला बर्फ असा माझा थाट असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "बाई, बाप्तिस्म्याच्या वेळी येशू यार्देन नदीत उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, मग आकाशातून बोललं कोण? बर्फाचं पाणी झाल्यावर बर्फ उरतो का?" पातेल्यात बर्फ विरघळत होता आणि मी नुसती बघत होते. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणून वर्ग सोडला.

घरी येऊन पुस्तकं काढली. एकच देव बहुरूप्यासारखा कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा होऊन येतो, हे मत तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेलियस मांडत होता आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ते नाकारलं होतं. म्हणजे अकरा वर्षं मी पोरांना पातेल्यातून पाखंड वाढत होते.

तेव्हा रूममेटला आधी सांग की परवाचं उदाहरण चुकलं. ती थट्टा करत नव्हती, स्वतःच्या देवघरातल्या मूर्तीशी ताडून बघत होती. दत्त म्हणजे तिला काय, ते तिलाच विचार आणि मध्ये न बोलता ऐक. बहुतेक उत्पत्ती, स्थिती, लय अशी तीन देवांची तीन कामं ती सांगेल. आपल्याकडे अशी वाटणी नाही. जग पित्याने निर्माण केलं म्हणतो, पण सर्व काही शब्दाच्या, म्हणजे पुत्राच्या, द्वारे झालं असं योहान १:३ सांगतं आणि उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीत देवाचा आत्मा जलावर आहे. तिघे आहेत, काम एक आहे, देव एक आहे. शिवाय पुत्र देहात आला तो एकदाच. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत आपण म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, येशूला वधस्तंभावर देणाऱ्या पंतय पिलाताचं नाव का घेतो, कधी विचार केलास? एका रोमी सुभेदाराला दर रविवारी आठवायचं काय कारण? ती तारीख आहे. हे अमुक काळात, अमुक गावात घडलं, असं म्हणण्याची ती रीत आहे.

आता योहान १४:२८. तोच अध्याय वरून वाच. नवव्या ओवीत 'ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे' असं तोच येशू म्हणतो. 'पिता थोर' अशा वचनांवरून अलेक्झांड्रियात अरियस नावाच्या पाळकाने वाद उभा केला. तो काही अडाणी नव्हता, शास्त्र त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. 'पुत्र नव्हता असा एक काळ होता,' हे त्याचं म्हणणं ३२५ साली नीकिया इथल्या सभेने नाकारलं. पुत्र दास होऊन आला, दमला, भुकेला झाला, १४:२८ मध्ये त्या दासपणातून तो बोलतो आहे. फिलिप्पैकरांस २:६-७ शेजारी ठेवून वाच.

बोलता आलं नाही याची लाज सोड. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यानंतरही त्रैक्यावर, म्हणजे या तिघांच्या एकपणावर, आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर त्या तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून भांडत होत्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्याच बाईंनी पुढे केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं.

कोर्सचं म्हणशील तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, पण आधी नर्सिंग पुरं कर. सध्या दोनशे पानी वही घे. मतांगीकाराची एक ओळ एका आठवड्याला. डावीकडे ती ओळ काय म्हणते, उजवीकडे ती काय नाकारते, खाली आधाराची वचनं. उजवी बाजू लिहिताना घाम फुटेल. मला फुटला होता.

व्हिडिओ मात्र बंद. 'उत्तर देण्यास सिद्ध असा' एवढं सगळ्यांना पाठ असतं. पेत्राने लगेच पुढे ते सौम्यतेने द्यायला सांगितलंय (१ पेत्र ३:१५), ते कुणी म्हणत नाही. आणि सांगतोय कोण, तर येशूला धरायला आले तेव्हा ज्याने बागेत प्रमुख याजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला तो!

रूममेटशी मेसमध्ये बोलू नकोस, तिथे दहा जणी ऐकत असतात. ड्यूटी सुटल्यावर चहाला ने. तिने असं काही विचारलं की तुझ्या वहीत सापडत नाही, तर "पुढच्या आठवड्यात सांगते" म्हण, आणि मला कळव. मलाही बघावं लागेल.