नाणेसंग्रह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमधल्या कोरिएल्टावी जमातीच्या साउथ फेरिबी प्रकारातल्या दोन सोन्याच्या स्टेटरचे (प्राचीन नाण्यांचे) फोटो माझ्याकडे आहेत. एकावर घोड्याच्या वर पतंगासारखी चौकट आणि आत चार ठिपके आहेत. दुसऱ्यावर तीनच दिसतात. हा दुर्मीळ प्रकार समजायचा का?
(सदाशिव पेठ)

उत्तर : एवढ्यावरून नाही. पतंगाची चौकट हा ओळखीचा उपप्रकार आहे, संग्राहक त्याला ‘काइट’ म्हणतात; डॉमिनोच्या सोंगटीसारखी चौकट असेल तर तो ‘डॉमिनो’. प्रश्न उरतो तो चौथ्या ठिपक्याचा. नाण्यावरचा ठिपका म्हणजे ठशात (नाणे पाडायच्या साच्यात) कोरलेला बारीक खळगा. तो मळाने किंवा धातूच्या कणाने बुजला, की ठिपका उमटतच नाही. हातोड्याचा घाव तिरका बसला किंवा नाणे तिथे झिजले, तरी तेच दिसते.

दोन्ही फोटो सारख्याच मापात, साधारण १० सेंटीमीटर रुंद छापा. एकावर ट्रेसिंग पेपर ठेवून घोड्याचा डोळा, शेपटीचे टोक, खालच्या ताऱ्याचे किरण आणि चौकटीचे कोपरे गिरवा, मग तो कागद दुसऱ्यावर ठेवा. ठसे हाताने कोरलेले असत, त्यामुळे दोन ठसे तंतोतंत जुळत नाहीत. सगळे जुळले तर ठसा एकच आहे आणि चौथा ठिपका बहुधा बुजला आहे. जुळले नाही तर ठसा वेगळा, आणि मग तीन ठिपके मुद्दाम कोरलेले असू शकतात. तरीही त्याच ठशाचे दुसरे नाणे मिळेपर्यंत ‘नवा प्रकार’ म्हणू नका.

नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ दिसली तर तीही टिपून ठेवा. ती ठशाला गेलेली चीर असते (ओरखडा असेल तर रेघ खोलगट दिसते). चीर वाढते, कमी होत नाही. म्हणून लांब चिरेचे नाणे नंतर पाडलेले. फोटोत उजेड एकाच बाजूने, वरून डावीकडून आणि तिरपा हवा. खालून उजेड आला तर उंचवटे खळगे वाटतात, आणि अशा फोटोवरून केलेली तुलना फुकट जाते.

प्रश्न : शिवराई बरीच जमवली आहे, केल्टिक (कोरिएल्टावीसारख्या प्राचीन जमातींच्या) नाण्यांत नवखा आहे. या स्टेटरच्या दर्शनी बाजूवर नुसत्या रेघा आणि पाने का? अक्षरेही अर्धवटच का असतात?
(कोथरूड)

उत्तर : मूळ नमुना मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचा स्टेटर : एका बाजूला अपोलोचे मुंडके, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ. नकलेवरून नक्कल होत गेली तसा चेहरा विरघळला, पानांचा मुकुट आणि कुरळे केस उरले. रथाचाही एकच घोडा झाला. वजनही फिलिपच्या ८.६ ग्रॅमवरून या नाण्यांत साडेपाच ग्रॅमच्या आसपास आले.

अक्षरांचे उत्तर तुमच्या शिवराईतच आहे. ठसा मोठा आणि चकती लहान असली, की ‘श्री राजा शिव’मधले एखादे अक्षर काठाबाहेर जाते. इथेही तसेच. कोरिएल्टावींच्या नाण्यांवरचे ‘व्होलिसिओस डुम्नोकोव्हेरोस’ हे लांबलचक नाव एका नाण्यावर पुरे सापडण्याची वाट पाहू नका. एकाच ठशाची दोन-तीन नाणी शेजारी ठेवून जुळवा. ज्या बाजूची अक्षरे कापली जातात, ती बाजू प्रत्येक नाण्यात वेगळी असते.

प्रश्न : सोन्याचा मुलामा दिलेले जुने बनावट स्टेटर घरी ओळखता येते का?
(डेक्कन जिमखाना)

उत्तर : बऱ्याच अंशी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी नाणे कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने नाणे पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. कोरडे वजन ५.४० आणि हा आकडा ०.४० असेल, तर घनता १३.५ : सोने, चांदी आणि तांब्याच्या मिश्रणाला शोभेशी. आत तांब्याचा गाभा असेल तर ती ९-१०च्या घरात येते.

नाण्याला बुडबुडे चिकटले की उत्तर खोटे कमी येते. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका. आइसेनी या दुसऱ्या जमातीच्या सव्वा ग्रॅमच्या चांदीच्या नाण्यांवर मात्र हा प्रयोग करू नका. तिथे पाण्याचा आकडा ०.१२च्या आसपास येतो आणि ०.०१ची चूक म्हणजे आठ टक्के. अशा नाण्यांचा काठ दहापट भिंगाखाली पाहा. मुलामा उडाला असेल, तर आतला हिरवट किंवा तांबूस धातू आधी काठावरच दिसतो.