शाळेला टॅब मिळालेत, पण वाचनात फरक पडत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीसाठी टॅब आले, वाचनाचं अ‍ॅप टाकलं, मुलं रोज तासभर बसतात, तरी वाचनाची गाडी हलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं मत सांगते: सराव अ‍ॅपकडून करून घ्यावा, पण मूल कुठे अडतंय ते आपणच ऐकावं.

टॅब देण्याआधी एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावा. 'प्रथम' ही स्वयंसेवी संस्था गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासते, त्या 'असर' पाहणीतली चाचणी यासाठी पुरे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मग गट पातळीप्रमाणे पाडा, इयत्तेप्रमाणे नको. अक्षरांवरच अडलेल्या मुलाला गोष्टीचं अ‍ॅप दिलंत तर ते नुसती चित्रं बघणार. त्याला आधी फळा, अक्षरकार्डं आणि तुम्ही.

गूगलच्या 'रीड अलाँग'सारख्या अ‍ॅपमध्ये मूल मोठ्यानं वाचतं. अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, उच्चार ऐकू येतो. मेख इथेच आहे. चलाख पोरं प्रत्येक शब्दाला बोट लावतात, ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतात आणि तारे गोळा करतात. कान तयार होतो, डोळे अक्षरावर ठरतच नाहीत. यावर उपाय साधा आहे. त्याच गोष्टीतले 'सूर्य', 'वाऱ्यावर', 'प्रश्न' असे शब्द क्रम बदलून कागदावर लिहा आणि चित्राशिवाय वाचायला सांगा. रफार कुणाला येतो आणि कोण अंदाजानं ठोकतंय, ते लगेच कळतं.

तासभर मात्र नको. वीस मिनिटं पुष्कळ झाली, तीही चार-पाच जणांच्या गटाला, व्हरांड्यात पांगवून. एका खोलीत सगळे ओरडून वाचू लागले की शेजारच्याचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि बरोबर वाचणाऱ्यालाही चूक मिळते. तोवर उरलेल्या मुलांचं वाचन तुम्ही ऐका. टॅबचा खरा फायदा मला हाच वाटतो, शिक्षकाचे हात मोकळे होतात.

अ‍ॅप आणलं की निकाल आपोआप सुधारतो, असं वरून कुणी सांगितलं तर अमेरिकेचं उदाहरण द्या. तिथल्या सरकारनं करून घेतलेला मोठा अभ्यास २००७ साली आला. वाचनाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या वर्गांच्या गुणांत म्हणावा असा फरक त्यात निघाला नव्हता.

आणि हो, 'स्टोरीवीव्हर' या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. छापून वर्गात दोरीला टांगा. चार्जिंग संपलेल्या दिवशी त्याच कामी येतात.